लळा : पहिल्या तीन वर्षांची प्रस्तावना

दिवाळी उरकली की रोहा, पेण, सुधागड या तालुक्यांतल्या कातकरी वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. कोणी जवळच्या वीटभट्टीवर जातं, कोणी कोळसा पाडायला थेट कर्नाटकात. भट्टीवर कच्च्या विटांचा आडोसा रचून वर गवत किंवा प्लास्टिक टाकलं की घर झालं. आई-बाप दोघंही अंधारातच माती कालवायला आणि विटा थापायला लागतात, आणि दहा महिन्यांचं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येतं. ते रडलं की ती उचलते, भूक लागली की आईकडे नेते, पेंगुळलं की झोळी हलवते. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येईपर्यंत त्या मुलाचं जग म्हणजे ती मुलगी. शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे मात्र गैरहजेरी पडत राहते.

याच भागात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालतात. बाप रात्रपाळी करून आलेला, आई कामावर निघालेली, मूल आजीपाशी आणि आजीच्या हातात मोबाइल, अशी घरं रोहा-अष्टमीत आता कमी नाहीत. पेण आणि हमरापूर-जोहे भागात गणपतीचे दिवस जवळ आले की कारखान्यांत रात्री जागतात. पेणचे पोह्याचे पापड घरी लाटणाऱ्या बाईचं मूल दिवसभर तिच्या शेजारी असतं, पण तिची नजर आणि हात पोळपाटावर. मुंबईला नोकरी करणारा बाप शनिवारी घरी येतो तेव्हा वर्षाचं पोर त्याला बघून आजीच्या पदरात तोंड लपवतं, आणि बापाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते कोकणातल्या चाकरमानी घरांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे.

या सगळ्या घरांत मूल कोणाला धरून वाढतं, आणि त्या धरण्याने पुढे त्याचं काय होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मानसशास्त्रात या अभ्यासाला शतकभराचा इतिहास आहे. मराठीत मात्र त्यातलं फार थोडं आलं, आणि आलं ते बहुतेक आईला उपदेश करण्याच्या सुरात. तो सूर मला मान्य नाही. मुलाचा लळा आईच्या मायेवर जितका अवलंबून असतो तितकाच तिच्या मजुरीवर, रजेवर, झोपेवर आणि तिच्या हाताशी असलेल्या माणसांवर असतो, असं माझं स्पष्ट मत आहे आणि पुस्तकाची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

माणसाचं मूल फार अर्धवट अवस्थेत जन्माला येतं. त्याला पळता येत नाही, चिकटून राहता येत नाही. मोठ्या माणसाला आपल्याजवळ ठेवणं एवढाच त्याच्या हाती बचाव असतो, आणि रडणं, हसणं, हात पुढे करणं, मागोमाग रांगत जाणं ही त्याची साधनं. पहिले काही महिने बाळ कुणाकडेही जातं. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यानंतर निवड सुरू होते. अनोळखी चेहरा दिसला की ओठ बाहेर येतो, आई उठली की रडू फुटतं. घरातले म्हणतात, ‘आता माणसं ओळखायला लागला.’ बाळाच्या मनाची ही मोठी झेप असते: समोर नसलेलं माणूस कुठेतरी आहे आणि ते मला हवं आहे, एवढं त्याला आता धरून ठेवता येतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि तीन ते पाच महिन्यांत बाळ सासरी येतं. ही जुनी रीत बहुतेक वेळा त्या निवडीच्या आधीच पार पडते, हे मला लक्षात घेण्यासारखं वाटतं.

निवडलेलं माणूस मग बाळाचा तळ होतं. तिथून निघून ओटा पाहायचा, अंगणातल्या कोंबड्यांमागे जायचं, भीती वाटली की परत यायचं. परत आल्यावर कोणीतरी घेईल याची ज्या मुलाला खात्री असते, ते जास्त लांब जातं आणि जास्त वेळ खेळतं. सारखं चिकटणारं मूल लाडावलेलं असतं असं आपण म्हणतो. पुष्कळदा त्याची खात्री कच्ची असते. याच जा-येत भाषा येते, राग आवरायला शिकणं येतं, दुसऱ्याचं मन ओळखणं येतं. बाळाने हुंकार दिला की मोठ्याने काहीतरी म्हणायचं आणि पुन्हा त्याच्या हुंकाराची वाट पाहायची, हा साधा खेळ मेंदूच्या जडणघडणीचं मुख्य काम करतो. न्हाऊ घालताना, तेल जिरवताना, बडबडगीतं म्हणताना आपल्या घरांतून तो हजारो वेळा होत आला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्राचं मत असं नव्हतं. अमेरिकन वर्तनवादी जॉन वॉटसन यांनी १९२८ साली बालसंगोपनावर पुस्तक लिहिलं. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, नाहीतर ती दुबळी होतात, हा त्यातला सल्ला. फ्रॉइडच्या परंपरेत लळ्याचं मूळ दुधात शोधलं जाई: आई भूक भागवते म्हणून ती प्रिय. एकमेकांशी कधी न पटणारे हे दोन पंथ इथे मात्र एकाच ठिकाणी उभे होते. ‘सारखं उचलू नको, हाताची सवय लागेल’ हे वाक्य रोह्यातही ऐकू येतं. त्यामागे वॉटसन नाही. धुणं, भांडी, शेत आणि एकटीवर पडलेला रगाडा आहे.

शास्त्राच्या या मताला तडा गेला तो अनाथालयांतून. १९४५ साली रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. एका अनाथालयात अन्न, स्वच्छता, वैद्यकीय देखरेख होती, पण एकेका दाईकडे बरीच मुलं. दुसरं ठिकाण स्त्रियांच्या तुरुंगाला जोडलेलं, तिथे कैदी आया स्वतःची मुलं सांभाळत. तुरुंगातली मुलं वाढली. अनाथालयातली सुकत गेली, त्यांतली कितीतरी दगावली. आपल्याकडे १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा प्रश्न मूल जिवंत राहण्याचा होता. जिवंत राहिलेलं मूल कोणाच्या कुशीत वाढतं, हा त्याच्या पुढचा प्रश्न. फुले दांपत्याने त्याचंही उत्तर दिलं; त्या गृहात जन्मलेला यशवंत त्यांनी स्वतःचा मुलगा म्हणून वाढवला.

या सगळ्याला एक सिद्धान्त दिला जॉन बोल्बी यांनी. १९०७ साली लंडनमध्ये एका नामवंत शल्यविशारदाच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिथल्या वरच्या वर्गाच्या रिवाजाप्रमाणे ते दाईच्या हाताखाली वाढले, आणि सुमारे चार वर्षांचे असताना त्यांची आवडती दाई घर सोडून गेली. पुढे निवासी शाळा. मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी बिघडलेल्या मुलांच्या पूर्वायुष्यात लांबलेल्या ताटातुटी शोधल्या. महायुद्धानंतर बेघर मुलांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्याकडून अहवाल मागवला. तो १९५१ साली आला आणि जगभर वाचला गेला. १९६९ ते १९८० या काळात त्यांचा तीन खंडांचा मुख्य ग्रंथ पुरा झाला. लळा ही भुकेपासून वेगळी, स्वतंत्र आणि उत्क्रांतीने दिलेली गरज आहे, हे त्याचं सार.

त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीवर लघुपट काढला. ती आठ दिवस इस्पितळात, आईवडिलांपासून दूर. आधी रडणं, मग गप्प होणं, मग आई आली तरी तोंड फिरवणं हे सगळं कॅमेऱ्यात आलं. त्या काळी ब्रिटिश इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून मोजका वेळच मुलाला भेटता येई. डॉक्टर मंडळी आधी चिडली, पण १९५९ साली सरकारी समितीनेच भेटीचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली. आपल्या सरकारी दवाखान्यांत आजारी मुलाच्या खाटेखाली आई नाहीतर मावशी चटई टाकून झोपते. त्या गर्दीला नावं ठेवण्याआधी हे आठवावं, की एका श्रीमंत देशाला तेवढ्यासाठी भांडावं लागलं. नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात मात्र आपणही आईला बाहेर ठेवत आलो. बोगोता शहरात १९७८ साली उबवणीपेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत आता आपल्याकडेही वापरली जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर ती सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटलेले दिसले.

हॅरी हार्लो यांचे प्रयोग बहुतेकांनी ऐकलेले असतात: माकडाच्या पिल्लांना एक तारेची दूध देणारी ‘आई’ आणि एक मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्लं कापडाला बिलगली. दुधाचा सिद्धान्त तिथे संपला. त्या पिल्लांचे हाल वाचवत नाहीत. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना त्या काळी ही माकडं मुख्यतः भारतातून जात. १९७८ साली आपण ती निर्यात थांबवली.

मेरी एन्सवर्थ यांच्यापाशी मात्र थांबायला हवं, कारण रोह्यासारख्या ठिकाणाचा या शास्त्राशी संबंध त्यांच्यामुळे जुळतो. त्या बोल्बींबरोबर लंडनला काम करत होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे १९५४ साली युगांडात गेल्या आणि कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघर जाऊन आई आणि तान्ही मुलं पाहत बसल्या. प्रयोगशाळा नव्हती, ओटे, चुली आणि पाठीला बांधलेली बाळं होती. कोणती बाळं आईपासून निर्धास्तपणे दूर जातात, कोणती सतत कुरकुरतात, कोणती आई बाळाच्या खुणा पटकन ओळखते, हे त्या टिपत गेल्या. या शास्त्राची पहिली मोठी प्रत्यक्ष निरीक्षणं अशी शेतकरी घरांतली आहेत. ‘हे सगळं गोऱ्यांचं, आपल्याला काय लागू’ असं म्हणणाऱ्यांना मी आधी युगांडा दाखवतो.

पुढे बाल्टिमोरमध्ये त्यांनी वीसेक मिनिटांचा एक प्रसंग रचला. वर्षभराचं मूल आणि आई अनोळखी खोलीत. एक अनोळखी बाई येते. आई थोड्या वेळासाठी बाहेर जाते, परत येते. मूल किती रडतं यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं हे महत्त्वाचं ठरलं. काही मुलं धावत येतात, शांत होतात, पुन्हा खेळायला लागतात. हा सुरक्षित लळा. काही आईकडे बघतही नाहीत. काही बिलगतात आणि त्याच वेळी तिला ढकलतात. मेरी मेन यांनी पुढे चौथा प्रकार दाखवला: जिच्याकडे धावायचं तिचीच भीती, म्हणून जागीच गोठलेली मुलं. घरातली मारहाण, दारू, आईचं न सावरलेलं दुःख यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. म्हणून या चौथ्या प्रकाराबद्दल अंगणवाडी सेविकांना नीट सांगायला हवं. बाकीच्या तीन प्रकारांची लेबलं मुलांना चिकटवण्यात काही हशील नाही.

या शास्त्राचे टीकाकारही तितकेच महत्त्वाचे. मायकेल रटर यांनी १९७२ साली बोल्बींची मांडणी तपासून सांगितलं की मूल एकाहून जास्त माणसांना धरू शकतं, आणि ताटातुटीपेक्षा घरातला कलह अनेकदा जास्त घातक असतो. ग्लासगोतल्या ६० बाळांचा १९६४ सालचा अभ्यास तेच सांगत होता: दीड वर्षापर्यंत बहुतेकांना आईखेरीज आणखी कोणाचा तरी लळा होता, बाप, आजी, भावंडं. जेरोम केगन म्हणाले, मुलाचा उपजत स्वभाव विसरू नका. हायडी केलर यांचा आक्षेप जास्त मुळातला: शहरी मध्यमवर्गीय पाश्चात्त्य घर हेच माप धरून तुम्ही जगाला मोजता. सुझन सेमोर यांनी भुवनेश्वरच्या कुटुंबांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. तिथे मूल काकू, आजी, बहिणी यांच्या हातांतून फिरताना आणि त्यातच नीट वाढताना त्यांना दिसलं. सारा हर्डी यांचं म्हणणं तर असं, की मानवजात टिकली तीच आईला मदत करणाऱ्या हातांमुळे.

मला हे सगळे बोल्बींचे शत्रू वाटत नाहीत. मुलाला दोन-चार कायमची, ओळखीची, साद दिल्यावर ओ देणारी माणसं हवीत. ती कोण, हे घर ठरवील. रोज बदलणारे दहा हात या हिशेबात धरता येत नाहीत, आणि एकटी, थकलेली, बोलायला कोणी नसलेली आईही पुरी पडत नाही. आपल्या मनात आई म्हटलं की ‘श्यामची आई’ उभी राहते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकाचे उपकार आहेतच. पण त्यागाची ती मूर्ती समोर ठेवून आजच्या बाईला दोषी ठरवणं हा त्या पुस्तकावरही अन्याय आहे.

लहानपणी जे झालं ते कायमचं, ही समजूतही टिकलेली नाही. मिनेसोटात १९७५ साली गरीब घरांतल्या मुलांचा जन्माआधीपासून अभ्यास सुरू झाला आणि ती प्रौढ होईपर्यंत चालला. सुरुवातीचा लळा पुढच्या मैत्रीवर, शाळेवर सावली टाकतो. मधल्या काळात कोणी आधार देणारं भेटलं तर वाट बदलते. रुमानियात चाउशेस्कूची राजवट १९८९ साली कोसळली आणि अनाथालयांत कोंबलेली मुलं जगाला दिसली. बुखारेस्टमधल्या १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत दिली गेली. ती सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली सर्वांत जास्त सावरली. तान्ह्या मुलांना संस्थेत न ठेवता लवकर कुटुंब द्यावं, यामागे असा भक्कम आधार आहे.

महाराष्ट्राला या विषयात स्वतःचा वारसा आहे आणि तो आपण विसरत चाललो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवर त्यांना दिसलं की मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर भावंड आहे. मुलींना बोल लावण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. वीटभट्टीवरच्या त्या बहिणीचा प्रश्न इतक्या वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी सोडवून दाखवलेला आहे. अंगणवाडी हे नावही त्यांच्याच कामातून देशभर गेलं.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, गावोगाव अंगणवाडी आली. वजन, लसी, आहार यांवर मोठं काम झालं. पण अंगणवाडीत रोज येतं ते तीन वर्षांपुढचं मूल. त्याआधीच्या मुलाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायचा शिधा आला. ज्या तीन वर्षांबद्दल हे सगळं शास्त्र बोलतं, तीच वर्षं रिकामी राहिली. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुरटलेल्या मुलांच्या घरी आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवणाऱ्या सेविका पाठवल्या. त्या मुलांना मिळालेला फायदा मोठेपणीच्या कमाईपर्यंत दिसला. आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. कागद चांगला आहे. तो राबवणारी सेविका मात्र नोंदवह्या, मोबाइलवरची माहिती आणि तुटपुंजं मानधन यांत अडकलेली आहे.

बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ साली कायद्यात आली. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हा हक्क कायम नोकरीतल्या बाईपर्यंत पोचतो; ठेकेदाराकडच्या बाईला तो मिळवताना नाकी नऊ येतात, आणि भट्टीवरची बाई त्याच्या आसपासही नाही. सहा वर्षांचं आदिवासी मूल पहिलीला निवासी आश्रमशाळेत दाखल होतं, तेव्हा त्याला तिथे रात्री कोण जवळ घेतं, हाही लळ्याचाच प्रश्न आहे. शिक्षणाची गरज खरीच. पण निवासी शाळेत लहानपणी पाठवल्या गेलेल्या बोल्बींनी जे आयुष्यभर शोधलं, ते आपल्या आश्रमशाळांच्या अधीक्षकांच्या प्रशिक्षणात यायला हवं.

हे पुस्तक अंगणवाडी सेविका, आशाताई, बालवाडीच्या शिक्षिका, आणि घरात तान्हं मूल असलेले आईबाप, आजी-आजोबा यांच्यासाठी आहे. संशोधन सांगायचं, ते रोहा-पेणच्या घरांशी पडताळायचं, आणि जिथे जुळत नाही तिथे तसं म्हणायचं, असा प्रयत्न आहे. मूल हुशार करण्याच्या युक्त्या इथे मिळणार नाहीत. सतत अंगाशी बाळगा, एकत्रच झोपवा, असे नियम घालून देणारी जी संगोपनाची टूम परदेशातून मोबाइलवर येते, तिचा या शास्त्राशी नावापुरता संबंध आहे; तिने घाबरलेल्या आयांनी पुस्तक जरूर वाचावं. बापांसाठी वेगळं प्रकरण केलेलं नाही. ते प्रत्येक पानावर आहेत, कारण शनिवारी घरी येणाऱ्या बापालाही रविवारी मुलाला न्हाऊ घालता येतं, आणि मूल हळूहळू त्यालाही धरतं.

वाचून झाल्यावर एक काम करा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून तो कशावर खर्च झाला हे विचारा, आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराचा ठराव मांडा. गावाच्या हद्दीत वीटभट्टी असेल तर तिथली मुलं त्या ठरावात नावानिशी धरा.